जालन्यातले सात डॉईल

आधी घडलं ते क्रमाने.

१. नोव्हेंबर २००५ मध्ये कालव्याच्या मोजणीसाठी मी जालन्यात अकरा दिवस होते. एका रविवारी जुन्या छावणीच्या दफनभूमीत गेले आणि एका थडग्याचा फोटो काढला. त्यावर डॉईल हे आयरिश आडनाव होतं.

२. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या मतदारयादीत हसनाबादच्या बाजूला मला सात डॉईल सापडले. सातही हिंदू, शेतकरी, एका घरातले.

३. फोटो आणि यादी मी परदेशातल्या एका डॉईल कुलमंडळाला ईमेलने पाठवली. सोबत एक वाक्य लिहिलं: दोन्हींचा संबंध असावा. याच ब्लॉगवर तशी नोंदही टाकली.

४. मंडळाने आपल्या संकेतस्थळावरच्या नकाशात जालन्याचा ठिपका टाकला. खाली लिहिलं की ही शाखा डॉईल नावाचा सैनिक आणि 'नाव अज्ञात असलेली स्थानिक स्त्री' यांच्यापासून सुरू झाली.

५. चार मराठी ब्लॉगांनी तो मजकूर माझ्या नोंदीसकट उचलला.

६. यंदा जानेवारीत त्या सातांपैकी एका मुलीची ठरलेली सोयरीक मुलाकडच्यांनी थांबवली. कारण म्हणून त्यांनी त्या पानाची छापील प्रत पुढे ठेवली.

७. मुलीने मला ईमेल लिहिली. ९ ते ११ फेब्रुवारी मी जालना आणि हसनाबादला जाऊन आले.

ईमेल जालन्याच्या एका सायबर कॅफेतून आली होती. मराठी मजकूर, रोमन अक्षरं, दोन वाक्यं आणि नाव. "तुम्ही आमच्या घरी न येता आमच्याबद्दल लिहिलं. आता येऊन पाहा. संगीता विठ्ठल डॉईल." मी तारीख कळवली.

शनिवारी सकाळी सहाला पुण्याच्या शिवाजीनगर स्टँडवरून औरंगाबादची निमआराम गाडी धरली. भाडं दोनशेच्या आत. औरंगाबादला उतरून जालन्याची गाडी बदलायची, पुढचा रस्ता दीड तासाचा आणि चांगला आहे. खिडकी हवी असेल तर डाव्या बाजूची घेऊ नका, सकाळभर ऊन तिकडूनच आत येतं असं माझ्या शेजारच्या काकांनी सांगितलं. ते खोटं निघालं. काकांनी नंतर मला आडनाव विचारलं, मग गाव, मग त्या आडनावाचे मूळचे कुठले. मी पहिल्या प्रश्नावरच थांबले. त्यांनी उरलेला वेळ स्वतःची शहाण्णव कुळांतली जागा समजावण्यात घालवला. आपण सूर्यवंशी आहोत हे त्यांना नेवाशापर्यंत सिद्ध करता आलं, पुढे झोप लागली.

मी मंडळाच्या संकेतस्थळाची छापून घेतलेली पानं वाचत होते. एकूण सेहेचाळीस, त्यातली तीन कामाची.

त्या तीन पानांचा सारांश असा. डॉईल हे आयर्लंडमधल्या फार पसरलेल्या आडनावांपैकी एक आहे. त्यात दोन जुने गेलिक शब्द आहेत, एकाचा अर्थ काळा, दुसऱ्याचा परका. हजार-अकराशे वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांपैकी काहींना तिथले लोक काळे परके म्हणत. केसांमुळे, चिलखतामुळे की आणखी कशामुळे, यावर एकमत नाही. त्याचं आधी माणसाचं नाव झालं, मग आडनाव. म्हणून ते देशाच्या आग्नेय भागात, वेक्सफर्ड, विकलो आणि कार्लो या परगण्यांत दाट आहे आणि पश्चिमेला विरळ. तिथून माणसं न्यूफाउंडलंडच्या मासेमारीला गेली, अमेरिकेला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, सैन्यात भरती होऊन आणखी कुठे कुठे गेली. बाकीच्या मोठ्या आयरिश घराण्यांना जुन्या वंशावळींत मूळपुरुष सापडतो. डॉईलना सापडत नाही. शेजाऱ्यांनी मारलेली हाक, एवढीच त्यांची सुरुवात.

उरलेल्या त्रेचाळीस पानांत मंडळाने ही उणीव भरून काढली आहे. एक राजा आहे. ढालीवरचं चिन्ह आहे, ते कपावर आणि टाचणीवर छापून मिळतं. 'रक्त' हा शब्द एकोणतीस वेळा आला आहे. नकाशाला प्रमाण नाही. ठिपक्याचा आकार कशावरून ठरवला ते कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे सिडनीचा ठिपका आणि जालन्याच्या सात माणसांचा ठिपका सारखाच आहे. आशियात तो एकटाच.

शेवटच्या पानावर सूचना होती. उन्हाळ्यात वेक्सफर्डला डॉईलांचा मेळावा भरणार आहे आणि त्यासाठी हे सगळं पुस्तकरूपाने निघणार आहे. सहाशे प्रती. सोमवारी, १७ मार्चला मजकूर छपाईला जाणार. जालन्याच्या पानासाठी माझ्या फोटोची मोठी प्रत संपादकांनी डिसेंबरात मागितली होती. मी उत्तर दिलं नव्हतं, कारण तेव्हा मला त्यात रस उरला नव्हता. संकेतस्थळावरचं वाक्य खोडता येतं. छापलेलं नाही.

अडीचला जालना. लॉज स्टँडजवळ, खोली अडीचशे, पाणी सकाळी सात ते आठ एवढंच. जेवण समोरच्या खानावळीत घ्या, लॉजवाल्याच्या ओळखीच्या ठिकाणी नको.

संगीताने भेटायची जागा कळवली होती: जुन्या जालन्यातलं एक कापड दुकान. रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंतच येते. पुढे धान्याची पोती उतरवणारे हमाल, मोटारसायकली आणि मध्येच उभी राहून बोलणारी माणसं यांच्यातून वाट काढावी लागते. दुकान मारवाडी शेठजींचं, पाच पिढ्यांपासून इथलं. संगीता आधीच गादीवर बसली होती. चोवीस वर्षांची, डी.एड. झालेली, एका खासगी शाळेत शिकवते. तिच्यासमोर बांधलेलं मोठं गाठोडं होतं. तो तिच्या लग्नाचा बस्ता. या भागात लग्नाचे सगळे कपडे एका दुकानातून, दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून घेतले जातात, त्याला बस्ता बांधणं म्हणतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बांधला होता. ती तो परत करायला आली होती.

"मॅडम, तुम्हीच लिव्हलं का ते कंप्युटरवर?" शेठजींनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग बराबर जागी आल्या. बसा."

त्यांनी चहा मागवला आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिले. त्यांचं आडनाव राजस्थानातल्या एका गावावरून पडलं आहे. "ते गाव माझ्या आजानं पाह्यलं न्हाई, बापानं न्हाई, मी न्हाई. कुणी आम्हाला इचारत न्हाई. या पोरीलाच काहून इचारून राह्यले?" त्यांनी गाठोडं उचलून मागच्या फळीवर ठेवलं आणि संगीताला म्हणाले, "हे राहू दे, बेटा. मी परत घेत न्हाई आणि इकत बी न्हाई." ती नको म्हणत होती. त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला नऊवारीचे रंग दाखवायला सुरुवात केली.

मुलगा औरंगाबादचा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात. लग्नपत्रिकेचा मसुदा करताना त्याने होणाऱ्या बायकोचं आडनाव सहज इंटरनेटवर शोधलं. पान सापडलं. छापलं, वडिलांना दिलं. वडील विठ्ठलरावांच्या घरी येऊन म्हणाले की पोरगी गुणी आहे, पण घराण्यात इंग्रजाचं रक्त निघालं. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने पडताळणीची पायरी सरळ गाळली. मी त्याला मूर्ख म्हणणार होते, पण सव्वादोन वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं, आणि माझा पगार मोजणीचा आहे. दोन बिंदू दिसले म्हणून मी त्यांच्यामध्ये रेघ ओढली. मधली जमीन पाहिली नाही. कामावर असं करणाऱ्या ज्युनिअरला मी घरी पाठवते.

संगीताने माझं स्पष्टीकरण मागितलं नाही. ती म्हणाली, "आधी तो दगड दाखवा."

रविवारी सकाळी आठला गेलो. न्याहारीला स्टँडसमोर सुशीला खाल्ली, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, दाण्याचा कूट घातलेला प्रकार. दहा रुपयांत पोट भरतं. छावणीची दफनभूमी शोधायला अवघड नाही. फाटकाला कुलूप असतं आणि शेजारची भिंत पडलेली असते, त्यामुळे कुलपाचा त्रास होत नाही. आत गवत, बाभळी, शेळ्या. थडगी बरीच, नावं वाचता येतील अशी थोडी.

आमचा दगड कलला होता. वरच्या भागात क्रूस, त्याखाली जेम्स डॉईल ही अक्षरं, मग झिजलेली ओळ, मग जमीन. २००५ साली मी एवढाच फोटो काढला होता. खालचा भाग मातीत होता आणि मला साडेदहाची जीप गाठायची होती.

संगीताने गवत कापणाऱ्या एका बाईकडून खुरपं मागून आणलं आणि बसून माती काढायला लागली. मी ब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन उभी होते. वीस मिनिटांत आणखी अठ्ठावीस सेंटिमीटर दगड वर आला. मी पाणी ओतलं, ब्रश फिरवला. अक्षरं खोल होती, मातीने टिकवली होती. तिने माझ्याआधी वाचलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हे लेकरू हाय."

वय अकरा महिने. सार्जंट डॉईल आणि त्यांच्या पत्नीचा मुलगा. मी ओळ दोनदा वाचली. मग टेप काढून दगडाची रुंदी मोजली. तिचा काही उपयोग नव्हता.

संगीता माती झटकत उठली. "हा आमचा मूळपुरुष का मंग? दात तरी आले असतील का ह्याला?" ती हसली नाही. तिने बाजूचं थोडं गवत उपटून दगडाभोवतीची जागा मोकळी केली, खुरपं परत करून आली आणि म्हणाली की हसनाबादची गाडी सव्वादहाला आहे.

मंडळाचा पराक्रमी सैनिक, तीन खंडांत ज्याचे वारस कपावर ढाल छापून चहा पितात, तो रांगायला लागला असेल-नसेल. त्याला सैनिक केलं ते मी दिलेल्या अर्ध्या फोटोने.

जालना ते हसनाबाद एस.टी.ने सव्वा तास. मधले सात-आठ किलोमीटर खडी उघडी आहे, मागच्या सीटवर बसू नका. ज्वारी काढणीला आली होती, मोसंबीच्या बागांना काटेरी कुंपणं होती. स्टँडवर संगीताचे वडील, विठ्ठलराव, उभे होते. छप्पन्न वर्षांचे, उंच, पांढरा सदरा, टोपी.

"या," ते म्हणाले. "इंग्रजाच्या घरी या."

मी नमस्कार केला. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि घराकडे न जाता गावात वळले. पुरावा आधी, जेवण नंतर, असं त्यांनी चालता चालता सांगितलं. त्यांच्याबरोबर आणखी एक म्हातारे होते, तसाच उंच बांधा, तसंच नाक. विठ्ठलरावांनी ओळख करून दिली. "हे आमचे थोरले, नामदेवराव. सख्खे. आई एक, बाप एक. हे जाधव, मी डॉईल."

मला वाटतं मी रस्त्यात थांबले असेन, कारण नामदेवराव मागे वळून म्हणाले, "चला, ताई. गाव हसून राह्यलंय कवापासून, तुम्हालाच खबर न्हाई."

हे सगळ्या गावाला माहीत होतं. स्टँडवरच्या कोणालाही विचारलं असतं तर चहा संपायच्या आत कळलं असतं. मी विचारलं नाही. मंडळाने विचारलं नाही. चाचणी विभागातल्या जावयाने विचारलं नाही. तिघांकडेही इंटरनेट होतं.

ज्यांच्याकडे नेलं ते गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त, ऐंशीच्या पुढचे, ऐकू नीट येतं, बोलणं खणखणीत. ओट्यावर बसून त्यांनी सगळं असं सांगितलं की जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट. विठ्ठल पहिलीत आला त्या साली वर्गात चौदा जाधव होते. त्यातले चार विठ्ठल. हजेरी घेताना एकाने हजर म्हटलं की उरलेले तिघं गप्प बसायचे, किंवा चौघेही ओरडायचे. मग गुरुजींनी तोडगा काढला. प्रत्येकाचं रान कुठलं ते विचारलं आणि आडनावाच्या जागी ते लिहून टाकलं.

"आंबराईचा विठ्ठल, खारीचा विठ्ठल, पांदीचा विठ्ठल, डॉईलचा विठ्ठल. दुसऱ्या दिवसापासून हजेरी बराबर."

नामदेव दोन वर्षं आधी शाळेत आला होता. तेव्हा वर्गात जाधव तीनच, म्हणून तो जाधव राहिला.

डॉईल हे रानाचं नाव कसं, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, छावणी होती तेव्हा घोड्यांना गवत इथल्या कुरणातून जायचं, आणि गवताचा कारभार कुणा डॉईल साहेबाकडे होता. "त्याला कुणी पाह्यलेलं न्हाई. माझ्या बापानं बी न्हाई. साहेब गेला, घोडे गेले, रानाला नाव राह्यलं." विठ्ठलरावांचे वडील त्यानंतर कितीतरी वर्षांनी परतूरकडच्या आष्टीहून आले. कुरण मोडून जमीन कसायला दिली जात होती, म्हणून जवान वयात एकटे आले. त्यांची आई, म्हणजे जिला मंडळाने सैनिकाची बायको करून ठेवलं आहे ती बाई, आष्टीतच राहिली, आष्टीतच वारली. तिने जालना पाहिलंच नाही.

चौथीच्या परीक्षेचे अर्ज भरताना बाकीच्या तीन विठ्ठलांच्या वडिलांनी येऊन आडनावं दुरुस्त करून घेतली. यांचे वडील आले नाहीत.

"बाप मोट हाकून राह्यलाता," विठ्ठलराव म्हणाले. "नावासाठी कोण येतंय."

पुढे शाळेचा दाखला तसाच निघाला. दाखल्यावरून सात-बारा, सात-बारावरून बँक, बँकेवरून मुलांचे दाखले. असे सात जण झाले. मी गुरुजींना विचारलं की ही चूक झाली असं त्यांना वाटतं का. त्यांना प्रश्न आवडला नाही. चूक कसली, हजेरी नीट लागत होती.

मग संगीताने पिशवीतून पानाची छापील प्रत काढली आणि 'नाव अज्ञात असलेली स्थानिक स्त्री' हे वाक्य त्यांना मराठीत वाचून दाखवलं. गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी रानाचं नाव लिव्हलं," ते म्हणाले. "बाईचं न्हाई लिव्हलं."

हे वाक्य त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं ते मला कळलं. विठ्ठलराव उठले आणि म्हणाले, जेवायला चला.

घर कुरणातच आहे, गावापासून दीड किलोमीटर. चार पक्क्या खोल्या, समोर नामदेवरावांच्या तशाच चार, मध्ये एक खळं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दही. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी आधी सांगावं. मी सांगितलं नाही आणि पाणी मागितलं. घरातल्या सुनांना तेवढ्यावरून मला ओळखून घेता आलं.

जेवण झाल्यावर खरा वाद निघाला. मुलाच्या वडिलांचा निरोप आला होता की ते पान इंटरनेटवरून निघालं तर पुन्हा बसायला हरकत नाही. विठ्ठलरावांना ते मान्य होतं. आले तर येऊ द्या, असं ते म्हणाले. संगीता भांडी घासत होती, तिथूनच म्हणाली की तिला नको.

"पान निघालं तर मी चांगली, न्हाई निघालं तर वाईट. मंग ते लगीन माझ्याशी करतेत का पानाशी?"

"लोक हायेत, बाई. लोकांचं ऐकावं लागतंय," विठ्ठलराव म्हणाले.

ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. तिने जे सांगितलं ते मी तिच्या समोर लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं.

"सोयरीक गेली ती गेली, मी त्याच्यासाठी तुम्हाला बोलावलं न्हाई. पुस्तक छापून राह्यले ते. ते माझ्या लेकरांना बी पुरंल. पणजीचं नाव अज्ञात लिव्हलंय. अज्ञात कुणाला? आम्हाला म्हाईत हाय. त्यांनी इचारलं न्हाई. आता इचारलं तरी आम्ही देणार न्हाई. फक्त ते वाक्य काढा."

मी विचारलं की ब्लॉगवर लिहिताना आडनाव बदलू का. ती नको म्हणाली. लपवलं तर लोक म्हणतील काहीतरी होतंच. विठ्ठलरावांकडे पाहिलं. ते खळ्याकडे बघत म्हणाले, "लिव्हा. शाळेनं लिव्हलंय, सरकारनं लिव्हलंय, तुम्ही एकदा लिव्हलंय. आता एकदा बराबर लिव्हा."

सोमवारी सकाळी शाळा उघडताच प्रवेश-निर्गम रजिस्टरच्या उताऱ्यासाठी दोन्ही भावांनी अर्ज दिले. मुख्याध्यापकांनी आधी साहेब तालुक्याला आहेत असं सांगितलं, म्हणजे स्वतःबद्दलच, मग अर्ज ठेवून घेतले. दोन तास बसलो. रजिस्टर आलं तेव्हा त्याच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, मधली पानं शाबूत होती. गुरुजींचं अक्षर ओळखता येतं. एका पानावर नामदेव, आडनाव जाधव, वडिलांचं जन्मगाव आष्टी. चोवीस पानं पुढे विठ्ठल, आडनाव डॉईल, वडिलांचं नाव तेच, जन्मगाव तेच. त्याच पानावर आंबराई, खारी आणि पांद, तिन्हींवर नंतर रेघ मारून लाल शाईने जाधव लिहिलेलं. विठ्ठलच्या ओळीवर रेघ नाही. फोटो काढू दिला नाही. सही-शिक्क्याचे दोन उतारे मिळाले.

दुपारच्या गाडीने परत निघाले. स्टँडवर विठ्ठलरावांनी दोन किलो मोसंबी पिशवीत घातली. मी पैसे विचारले, आणि तो माझा त्या फेरीतला दुसरा चुकीचा प्रश्न ठरला.

पुण्यात आल्यावर मंडळाला सविस्तर लिहिलं. दगडाचे पाच फोटो, मोजपट्टीसह. दोन उतारे, इंग्रजी अनुवादासह. गुरुजींचा जबाब. माझ्या २००५ च्या ईमेलमधलं वाक्य मागे घेत असल्याचं निवेदन. दोन दिवसांत संपादकांचं उत्तर आलं. त्यांना हे सगळं अतिशय रंजक वाटलं. अकरा महिन्यांच्या मुलाबद्दल त्यांना दुःख झालं, म्हणून आता मूळपुरुषाच्या जागी त्याच्या वडिलांचं, सार्जंट डॉईलचं, नाव घालण्याची त्यांची सूचना आहे. शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, असं ते म्हणतात. गालातला नमुना घेऊन रक्ताचं नातं तपासण्याचं साधन टपालाने पाठवतो, कुटुंबातल्या एखाद्या पुरुषाने ते वापरावं, असंही म्हणतात. ठिपका काढणं त्यांच्या जिवावर येतं, कारण आशियात दुसरा नाही.

मी ते साधन पाठवू नका म्हणून कळवलं. सख्ख्या भावाचा उतारा पुढे असताना थुंकी मागणाऱ्या माणसाला संशोधक म्हणत नाहीत.

या सहलीतून माझ्याकडे काय उरलं, असं एका सहकाऱ्याने परवा विचारलं. मोसंबी संपली. कामावर मी आता अर्धवट फोटो स्वीकारत नाही. पूर्वीही स्वीकारत नव्हते, फक्त स्वतःचे तपासत नव्हते. जुनी नोंद मी काढून टाकलेली नाही. तिच्यावर रेघ मारून शेजारी ही जोडली आहे, म्हणजे चूक कोणाची ते कोणालाही पाहता येईल. संगीताला मसुदा वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, दोन्ही योग्य होत्या. सोयरिकीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

एक गोष्ट मात्र मंडळाच्या लक्षात यायला हवी होती, कारण ती त्यांच्याच तीन पानांत आहे. वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर शेजाऱ्यांनी परक्यांना एक नाव दिलं आणि ते चिकटलं. हसनाबादला एका शिक्षकाने चार विठ्ठल वेगळे करण्यासाठी रानाचं नाव दिलं आणि ते चिकटलं. आडनाव पसरलं, हे खरं आहे. ते कसं पसरलं हे लिहायला त्यांच्या नकाशात रकाना नाही, कारण रक्ताखेरीज दुसरी वाट त्यांना सुचलेली नाही. त्यामुळे ठिपका ठेवायला माझी किंवा त्या कुटुंबाची हरकत नाही. त्याखाली एवढंच लिहावं: 'जालना जिल्हा, भारत. सात जण. आडनाव शेतजमिनीच्या नावावरून, शाळेच्या नोंदीतून आलं. आयर्लंडशी नातं नाही.'

हाच मजकूर इंग्रजीत मंडळाच्या संपादकांना ईमेलने आणि टपालाने गेला आहे. ज्या चार ब्लॉगांनी माझी जुनी नोंद उचलली त्यांच्यासाठी तो इथे आहे.

संपादक आणि चारही ब्लॉगलेखक, स्थानिक स्त्रीबद्दलचं वाक्य तुम्ही काढलं आहे की नाही, हे कृपया शुक्रवार, १४ मार्च २००८ पर्यंत मला कळवा.